उजव्या बाजूची चमक

माझ्या दादाला कोणी विचारलं, "चित्रकला कुठे शिकलात?" की तो सांगायचा, "भिंतीवर." त्यात खोटं काही नव्हतं. शाळा अर्धवट सोडून तो एका पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली लागला. त्या माणसाची अक्षरं देखणी होती, पण चित्राचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा. त्यामुळे केस कापायच्या दुकानावरचं डोकं, शिंप्याची कात्री, बुटाच्या दुकानातला बूट हे सगळं दादाच्या वाट्याला आलं. दातांच्या दवाखान्यासाठी त्याने पहिली दाढ रंगवली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "छान आहे, पण जरा कमी दुखरी काढ. पेशंट पाटी बघूनच परत जातील."

चेहरे तो साबणाच्या वेष्टनावरून शिकला. वेष्टनावर गालाला हात लावलेली एक बाई होती. ते त्याने खिळ्याला टोचून ठेवलं होतं, आणि चौकटी आखून तो तिचे डोळे पुन्हा पुन्हा काढायचा. डोळ्यांतल्या काळ्या भागावर, उजव्या अंगाला, एक बारीक पांढरा ठिपका होता. ठिपका म्हणजे डोळ्यात पडलेला उजेड. दादा म्हणायचा, सगळा चेहरा काढून झाला तरी माणूस मेलेलाच असतो. ठिपका दिला की तो बघायला लागतो. साबणाच्या बाईवर उजेड उजवीकडून येत होता, म्हणून दादाच्या हाताला तेच वळण लागलं. पुढे खिडकी कुठेही असो, दिवा कुठेही असो, त्याने काढलेल्या डोळ्यांतली चमक कायम उजवीकडे.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तेव्हाही तेच करत होते, आजही तेच करते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे सांगणार आहे ते मला डोळ्यांच्या भाषेतच सांगता येईल, कारण मी ते तिथेच पाहिलं.

पाट्यांवरून दादा छापखान्यात गेला. तेलाच्या बाटलीची लेबलं, बियाण्यांची पाकिटं, काड्यापेट्या, कॅलेंडरं. प्रेसमध्ये त्याला कळलं की रंग चारच असतात, बाकीचं सगळं डोळ्याला फसवणं. तो रमला. लग्न झालं, चिमी झाली. मी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळे चिमीचं अर्धं लहानपण माझ्या ओट्यावर गेलं. दात पडलेली, कपाळावर बट येणारी, एका जागी न बसणारी पोरगी.

ती सात वर्षांची असताना बिस्किटांच्या एका कंपनीला डब्याच्या झाकणासाठी चित्र हवं होतं. दादाने तिला खिडकीशी बसवलं. खिडकी डावीकडे होती. कोपर टेबलावर, हनुवटी तळव्यांत, आणि बशीत लाच म्हणून बिस्किटं. गालावर खिडकीचं ऊन आलं, बट आली, पडलेल्या दाताची फट आली. शेवटी त्याने ठिपके दिले. उजवीकडे.

"दादा, उजेड डावीकडून येतोय. चमक डावीकडे हवी," मी म्हटलं.

तो खाली वाकून बघत राहिला. "अरे हो की," म्हणाला, आणि ब्रश बुडवला. पण तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. त्याने चित्र हातात धरलं.

"यातलं काही म्हणजे काही बदलू नका," तो म्हणाला. "ही माझ्याकडे बघतेय."

डबा असा खपला की बिस्किटं संपल्यावरही कोणी तो टाकेना. कोणी त्यात सुया ठेवल्या, कोणी औषधं, कोणी जुने फोटो. मग कंपनीने चित्राचा परवाना इतरांना द्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी एक गृहस्थ दादाकडे येऊ लागले. वहिनी त्यांना हक्कवाले म्हणायची. बोलायला गोड, बूट कायम पुसलेले. दर वेळी पिशवीतून नवं काहीतरी काढायचे. चिमीची वही, चिमीची छत्री, चिमीचा टॉवेल, तुकडे जुळवायचं चिमीचं कोडं, चिमीचे पडदे. दादाला नवी नवी चित्रं काढावी लागायची. चिमी झोपाळ्यावर, चिमी रेनकोटात, चिमी मांजर घेऊन. अट एकच असायची.

"वय तेवढंच ठेवा हं," हक्कवाले सांगायचे. "आणि डोळे तेच."

खरी चिमी दहाची झाली, पंधराची झाली. समोर बसवून उपयोग नव्हता. दादा मनातून काढायला लागला. त्याने घर बांधलं, उत्तरेच्या खिडकीची खोली काढली, लोक त्याच्या सह्या घ्यायला लागले. पण एकदा शेजारच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला त्याने त्यांचं चित्र काढायला घेतलं, आणि पांढऱ्या मिशांच्या वर तेच डोळे आले. आजोबा हसले. दादाही हसला. ते चित्र पुढे कोणी भिंतीवर लावलं नाही.

*

चिमीला मोठेपणी एका इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर नोकरी लागली. संध्याकाळी घरी जाताना ती माझ्याकडे डोकवायची आणि दिवसभराच्या गमती सांगायची. त्या गमतींत एक गमत वारंवार यायला लागली.

"आत्या, आज एक काका माझ्यासमोर उभे राहून ओरडत होते, 'अहो, इथे कोणी आहे की नाही?' मी म्हटलं, 'बोला ना काका.' ते असे दचकले!"

आम्ही खूप हसलो. काचेवर उजेड पडत असेल, मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग रोज होऊ लागलं. इस्पितळाच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला तर कॉलर स्वच्छ आली, गळ्यातली साखळी कडीन् कडी आली, चेहरा मात्र धुरकट. फोटोवाल्याने कॅमेरा बदलला. पुन्हा तेच.

"तू हललीस," तो वैतागून म्हणाला.

"मी नाही हलले, आत्या," चिमीने मला सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

त्याच सुमाराला एक बाई तिच्या मुलीला दुकानात घेऊन आली. शाळेने पाठवलं होतं. मुलगी एकटक बघते, पापणी कमी लवते, अशी तक्रार. मी मुलीला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं आणि काचांची पेटी तशीच खाली ठेवली. कपाळावर तीच बट. दाताची तीच फट.

"सगळे म्हणतात, डब्यावरच्या मुलीसारखी दिसते," आई कौतुकाने म्हणाली.

"जन्मापासून अशीच आहे?"

"नाही हो, गेल्या वर्षापर्यंत थेट बापाचं तोंड होतं. सात पूर्ण झाली आणि रूपच पालटलं."

पोरांचे चेहरे बदलतात. बट आयाच कापतात, डब्यावरची बघून. असं मनाशी म्हणत मी मुलीच्या समोर बसले. आमच्या तपासणीच्या खोलीला एकच खिडकी आहे, माझ्या डाव्या हाताला. मुलीचा त्या बाजूचा गाल उजळला होता. डोळ्यांतली चमक उजवीकडे होती.

मी टॉर्च घेतला. तिच्या डोळ्यांसमोर डावीकडे धरला, वर नेला, खाली आणला. उजेड जिकडे जाईल तिकडे डोळ्यातला ठिपका सरकतो. आरशात दिवा दिसावा तसा, इतकी साधी गोष्ट आहे ती. मी टॉर्च फिरवत राहिले.

ठिपका हलला नाही.

"नजर चांगली आहे," मी म्हटलं. टॉर्च बंद केला. "डोळ्यांना विश्रांतीसाठी साधा चष्मा देते." काहीतरी द्यायला हवं म्हणून दिला.

ती पहिली. तिच्यानंतर आणखी आल्या. कोणाची आई डॉक्टर, कोणाची भाजीवाली, कोणी काळी, कोणी गोरी, आणि सात वर्षं पूर्ण झाली की सगळ्यांचे डोळे तेच. पहिली मुलगी वर्षाने पुन्हा आली. मुलांच्या फ्रेमा वर्षभरात कानांवर दाटतात. तिची तशीच बसत होती.

"उंची जरा थांबलीय," आई म्हणाली. आता तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं.

*

त्या रविवारी मी चिमीला दुकानात बोलावलं. दुकान बंद होतं. खुर्चीवर बसवून मी टॉर्च लावला.

तिच्या डोळ्यात चमक नव्हती. डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. उजेड काळ्या भागात जात होता आणि परत येत नव्हता. मेलेल्या माणसाच्या डोळ्यातसुद्धा दिवा दिसतो. मी तक्ता लावला. तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"सगळं दिसतं ना तुला?"

"सगळं दिसतं," ती म्हणाली. "आत्या, परवा आईने मला जेवायला वाढलं नाही. ताटं घेतली, बाबांचं आणि स्वतःचं वाढलं, आणि माझ्याशी बोलत बोलत जेवायला बसली. मी आठवण करून दिली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. पण बोलत माझ्याशीच होती."

मी दादाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो मला वेड्यात काढेल. त्याने फक्त विचारलं, "चमक कुठल्या बाजूला?" मी सांगितल्यावर उठला, नवा कॅनव्हास लावला आणि चिमीला हाक मारली.

"बस. आज तुला आहे तशी काढतो. आजची."

आख्खी सकाळ तो रंगवत होता. मी मागे उभी होते. इतकं चांगलं काम त्याने आयुष्यात केलं नसेल. हनुवटीची मोठ्या बाईची रेघ, डोळ्यांखालचा थकवा, कानामागे ओढलेले केस. ब्रशचा प्रत्येक फटकारा बरोबर होता, मी शपथेवर सांगेन. शेवटी त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि ठिपके डावीकडे दिले, खिडकीच्या बाजूला.

मग तो दोन पावलं मागे सरकला.

कॅनव्हासवर सात वर्षांची मुलगी होती. तळव्यांत हनुवटी. चमक उजवीकडे.

"मी हिलाच काढत होतो ना?" त्याने मला विचारलं. "तू बघत होतीस ना?"

"बघत होते."

चिमी उठून आली, चित्रासमोर उभी राहिली, आणि बापाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे बाबा. छान झालंय."

त्याने आणखी कॅनव्हास लावले. सगळे तसेच झाले. त्यानंतर त्याच्या हातात मी ब्रश पाहिला नाही.

आता उरला होता एकच उपाय. मी आणि दादा हक्कवाल्यांच्या कचेरीत गेलो. ते म्हातारे झाले होते, बूट मात्र तसेच चकचकीत. दादाने हात जोडले. "साहेब, चित्र बंद करा. सगळं बंद करा. मला काही नको, उलट तुम्ही म्हणाल ते देतो."

त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बंद काय करायचं?" ते म्हणाले. "डबा बंद होऊन किती वर्षं झाली! कंपनीच उठली. वह्या, पडदे, सगळे परवाने संपले. आम्ही काहीच छापत नाही."

"पण दुकानांत माल आहे," मी म्हटलं. "कोपऱ्यावरच्या दुकानात कालच नवे डबे आलेत. मी पाहिलेत."

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो," हक्कवाले हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कोणाला दिलंत."

येताना दादा त्या कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला. डबा उलटा करून त्याने तळ बघितला. छापखान्याचं नाव असतं तिथे गुळगुळीत पत्रा होता. दुकानदार म्हणाला, "माल कोण टाकून जातं म्हणता? छे, मी कधी बघितलं नाही बुवा. सकाळी शटर उघडतो तर आत रचलेले असतात."

*

वहिनीने दुपारी बाहेर जायला सुरुवात केली. कुठे जाते ते सांगायची नाही. चिमीला काळजी वाटली म्हणून एक दिवस आम्ही दोघी मागोमाग गेलो. वहिनी पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेच्या फाटकाशी, कठड्याला धरून उभी होती.

"वहिनी, इथे काय करताय?"

"काही नाही वन्सं, पोरी बघते. घरी कोणी नसतं ना."

चिमीने तिचा दंड धरला. "आई, चल घरी."

वहिनीने मान वळवली. तिची नजर चिमीच्या चेहऱ्यावरून पुढे सरकली, शेजारच्या झाडावर गेली, परत आली.

"चिमी बोलली ना आत्ता?" तिने मला विचारलं. "कुठे आहे ती? आत्ता होती."

"तुमचा हात धरून उभी आहे, वहिनी."

वहिनीने आपल्या दंडाकडे पाहिलं. तिथे ब्लाउजच्या बाहीला बोटांच्या चुण्या पडल्या होत्या. तेवढ्यात शाळा सुटली. फाटकातून मुलींचा लोंढा बाहेर आला, आणि वहिनीने हरवलेल्या माणसाला मारावी तशी, जिवाच्या आकांताने हाक मारली.

"चिमे!"

गोंगाट थांबला.

फाटकातल्या मुली वळल्या. रस्त्यापर्यंत पोचलेल्या वळल्या. रिक्षात बसलेल्या वाकून बघू लागल्या. कोणी जड दप्तराची, कोणी दोन वेण्यांची, आणि सगळ्यांचे डोळे वहिनीवर. ऊन पश्चिमेचं होतं, त्यांच्या एका गालावर पडलेलं.

चमक दुसऱ्या बाजूला होती.

कोणीही चिमीकडे बघत नव्हतं. ती आईचा हात धरून उभी होती आणि रडत होती. रडण्याचा आवाज मला ऐकू येत होता. वहिनीला येत नव्हता.

*

चिमी माझ्याकडे राहायला आली. नोकरी आपसूक सुटली. कोणी काढलं नाही, फक्त तिच्या खिडकीवर दुसरी मुलगी बसवली. दादा आणि वहिनी आता बरे आहेत, असंच म्हणावं लागेल. दादा उत्तरेच्या खिडकीशी बसतो. गेल्या खेपेला चिमीने त्याच्या हातात चहा दिला तेव्हा त्याने कप घेतला, आणि मला म्हणाला, "चिमी शाळेतून येईलच एवढ्यात. थांब जरा, भेटून जा." खुशीत होता. चिमी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मला ती दिसायची. नीट बघितलं, ती कुठे आहे ते आधी ठाऊक असलं, तर दिसायची. घरी एकटी नको म्हणून मी तिला दुकानात नेऊ लागले. बाहेर गिऱ्हाइकांसाठी गादीची एक खुर्ची आहे, तिथे ती पुस्तक घेऊन बसायची. अधूनमधून मी हाक मारायचे, ती "ओ" द्यायची, आणि मी पुढच्या माणसाच्या डोळ्यांना काच लावायचे. असं निभत होतं. निभेल असं मला वाटत होतं.

परवा ती पहिली मुलगी पुन्हा आली, वर्षानुवर्षं तीच फ्रेम वापरणारी. तिची आई पार वाळली आहे. दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. मी मुलीला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं. पायाचे अंगठे अजूनही जमिनीला टेकत नाहीत. मी वाकले, तेव्हा ती माझ्या खांद्यावरून बाहेरच्या खोलीत बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "तिला सांग ना, आता पुरे म्हणून."

या मुलीने मला आजवर बाई म्हटलं होतं.

"कोणाला सांगू?"

ती अजून तिकडेच बघत होती. मी मागे वळले. गादीच्या खुर्चीवर पुस्तक उपडं होतं. दारात आई तशीच उभी होती. तिच्याजवळून कोणी बाहेर गेलेलं नव्हतं.

"चिमे?" मी हाक मारली.

"ओ," माझ्या पाठीमागून, तपासणीच्या खुर्चीवरून, उत्तर आलं.

मी वळून पाहिलं नाही. समोर, बाहेरच्या खोलीत, चिमीच्या रिकाम्या खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर येत होती.